नाणं कुठे सापडलं?

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रेल्वे स्टेशनच्या दारातली चौकट येते. विमानतळावर पडद्याआड नेऊन अंगावरून फिरवतात ती काळी दांडीही आठवते. उमराहला जाऊन आलेल्या बायकांना हा अनुभव चांगलाच परिचयाचा आहे. बांगडी वाजते, ओढणीची टाचणी वाजते, कधी चपलेतला खिळासुद्धा वाजतो. आपल्याकडे हे यंत्र म्हणजे संशयाचं यंत्र.

इंग्लंड-अमेरिकेत मात्र त्याच यंत्राचा मोठा शौक आहे. लांब दांडी, खाली ताटलीसारखं गोल चाक, कानाला हेडफोन, कमरेला छोटं खुरपं अशा थाटात माणसं रविवारी शेतांतून फिरत असतात. गोल ताटली जमिनीलगत डावीकडून उजवीकडे फिरवायची, कानात टुंग वाजलं की थांबायचं, खणायचं. मिळतं काय? दहातल्या नऊ वेळा खिळा, बाटलीचं झाकण, शीतपेयाच्या डब्याची कडी. आणि कधी तरी, नशिबात असलं तर, शेकडो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी खिशातून पडलेलं नाणं.

हा शौक आमच्या घरात शिरला तो माझ्या भाच्यामुळे. आपा गेली अठरा वर्षं इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ राहते. तिचा धाकटा सोळा वर्षांचा आहे. दहावीच्या तोडीची परीक्षा बरी गेली म्हणून दुल्हाभाईंनी त्याला बक्षीस कबूल केलं आणि पोरानं मोबाइल, सायकल सोडून मेटल डिटेक्टर मागितला. आपानं वैतागून मला फोन लावला. "तूच समजाव. मास्तरीण आहेस, तुझं ऐकेल." समजवायला म्हणून मी बोलू लागले, तर त्यानं उलट मलाच विचारलं, "खाला, मला दिरहम सापडला तर तू वाचून दाखवशील ना?"

मी उर्दू शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. दिरहम म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. पण इंग्लंडच्या शेतात दिरहम? तेव्हा त्यानं मला टॉर्क्सी या गावाबद्दल सांगितलं. मग मीही वाचायला बसले आणि थक्क झाले.

टॉर्क्सी हे लिंकनशायरमध्ये ट्रेंट नदीकाठी आहे. नॉटिंगहॅमही त्याच नदीवर. सन ८७२-७३च्या हिवाळ्यात व्हायकिंगांच्या मोठ्या फौजेनं टॉर्क्सीला तळ ठोकला होता. या व्हायकिंगांपर्यंत अब्बासी खिलाफतीच्या मुलखातली चांदी रशियातल्या नद्यांच्या वाटेनं, हातोहात पोचत असे. त्यांना नाण्यावरच्या अक्षरांशी देणंघेणं नव्हतं, वजनाशी होतं. म्हणून ते दिरहम कापून, तुकडे करून तागडीत घालत. टॉर्क्सीच्या शेतांत शौकीन मंडळींना असे शंभराहून जास्त कापलेले दिरहम सापडले आहेत. कुठे कलम्याचा अर्धा शब्द, कुठे टाकसाळीच्या नावाचं एखादं अक्षर.

खरी गंमत पुढे आहे. कोणता तुकडा नेमका कुठे मिळाला याच्या नोंदी वर्षानुवर्षं जमत गेल्या. त्या नोंदी नकाशावर मांडल्यावर संशोधकांना कळलं की हा तळ साधारण ५५ हेक्टरांवर पसरला होता. तिथे नुसते सैनिक राहत नव्हते. कारागिरी आणि व्यापारही चालत होता. नखाएवढा एक तुकडा विकायला काढला तर त्याचे किती येणार? पण तो कोणत्या शेतात, कुठल्या कोपऱ्यात मिळाला हे लिहून ठेवल्यामुळे तो साक्षीदार झाला.

मुलाचा हट्ट वरवरचा नाही हे मला पटलं. मग प्रश्न उरला यंत्राचा. दुल्हाभाईंचं गणित सोपं होतं. जितकी मोठी कॉइल, तितकी जास्त खोली. म्हणून सगळ्यात मोठी घ्या. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांपुढे मी हे मांडलं, तेव्हा ते हसले आणि मधल्या सुट्टीत फळ्यावर आकृती काढून बसले. त्यांच्याकडून आणि वाचनातून जे समजलं ते इथे थोडक्यात देते. मुलांना विज्ञान समजावतानाही ते उपयोगी पडेल.

त्या गोल ताटलीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक पाठवणारं, दुसरं ऐकणारं. पहिल्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जमिनीत शिरतं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे फिरू लागतात आणि तेही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. दुसरं वेटोळं ते ऐकतं. लोखंड, तांबं, चांदी यांचं उत्तर थोड्याफार वेगळ्या वेळानं आणि वेगळ्या ताकदीनं येतं. त्यावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं. हा आकडा म्हणजे अंदाज, फैसला नव्हे. सोन्याची बारीक अंगठी आणि डब्याची कडी यांचे आकडे पुष्कळदा सारखेच येतात.

सरांनी एक जुनी गोष्टही सांगितली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१मध्ये असंच एक यंत्र घेऊन अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. तो फसला. पलंगाच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी यंत्राचा गोंधळ उडवला. आजच्या शौकिनाची अडचणही तीच आहे. नाणं ऐकू येत नाही, कारण शेजारचं लोखंड ओरडत असतं.

म्हणूनच मोठी कॉइल नेहमी चांगली नसते. बहुतेक यंत्रांबरोबर साधारण ११ इंचांची कॉइल मिळते. ती सगळ्याला बरी. १३ ते १५ इंचांची कॉइल खोल जाते, एका फेरीत जास्त जमीन घेते, मोकळ्या नांगरलेल्या शेतात ती कामाची. पण तिच्या पसाऱ्यात एका वेळी खिळा, कडी आणि नाणं तिन्ही आले तर ती तिघांचा मिळून एकच आवाज करते. शिवाय ती जड. तासाभरात खांदा भरून येतो. बारीक तुकडे तर तिच्या हातून निसटतात. ५-६ इंचांची छोटी कॉइल खोल जात नाही, पण कचऱ्यात दोन खिळ्यांमधलं नाणं वेगळं ऐकते. कापलेल्या दिरहमाचा तुकडा हवा असेल तर मोठ्या कॉइलपेक्षा लहान आणि मध्यम कॉइलच कामाची.

कॉइलच्या घडणीचेही दोन मुख्य प्रकार आहेत. एकात मोठ्या गोलात छोटा गोल असतो. तिला कॉन्सेन्ट्रिक म्हणतात. तिचं क्षेत्र जमिनीत शंकूसारखं निमुळतं होत जातं. वस्तू नेमकी कुठे आहे ते ती छान दाखवते, पण दोन फेऱ्यांच्या मधली जमीन खाली खाली सुटत जाते आणि लोहयुक्त मातीत ती बावचळते. दुसऱ्या प्रकारात इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, ही डबल-डी. तिचं क्षेत्र सुरीच्या पात्यासारखं मधल्या रेघेत उतरतं. ती अवघड मातीत जास्त शांत राहते आणि शेजारशेजारच्या वस्तू वेगळ्या करते. आज बहुतेक यंत्रांना हीच लावलेली असते.

मग वारंवारिता. कमी वारंवारितेचं यंत्र चांदी-तांब्याच्या जाड नाण्यांसाठी चांगलं, जास्त वारंवारितेचं बारीक आणि पातळ तुकड्यांसाठी. नवी यंत्रं एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरतात, त्यामुळे निवड सोपी झाली आहे. पल्स इंडक्शन नावाचा आणखी एक प्रकार आहे. समुद्राच्या ओल्या खारट वाळूत तो उत्तम, पण लोखंड वगळायला तो कच्चा. शेतात घेऊन गेलात तर प्रत्येक खिळा खणावा लागेल.

आणि खोली? जाहिराती काहीही सांगोत, एकट्या छोट्या नाण्यासाठी वीतभर खोली म्हणजे पुष्कळ झालं. हंडाभर ऐवज असेल तरच आवाज त्याहून खालून येतो. शेतातली नाणी नांगरानं वरखाली होत असतात, म्हणून ती वीतभराच्या आत सापडतातही.

शेवटी आम्ही ठरवलं ते असं. बाजारात ऑस्ट्रेलियाचं मायनलॅब, अमेरिकेचं गॅरेट, फ्रान्सचं एक्सपी, तुर्कस्तानचं नोक्ता अशी नावं आहेत. महागड्यातलं महाग न घेता मधल्या किमतीचं, अनेक वारंवारितांचं, वजनाला हलकं यंत्र घ्यायचं. त्याबरोबरच्या मध्यम डबल-डी कॉइलला जोड म्हणून एक छोटी ६ इंची कॉइल. वाचलेल्या पैशांत हेडफोन, खड्ड्यातली जागा दाखवणारी हातातली छोटी कांडी आणि चांगलं खुरपं. आणि पहिला महिना बाहेर जायचं नाही. स्वतःच्या परसात वेगवेगळ्या खोलीवर नाणी, खिळे, कड्या पुरून कान तयार करायचे. कॉइल जमिनीला समांतर, शक्य तितकी खाली, सावकाश फिरवायची. मागच्या फेरीवर पुढची फेरी अर्धी चढली पाहिजे. घाईचं इथे काम नाही. सोळा वर्षांच्या मुलाला सब्र शिकवणारा शौक मला तरी वाईट वाटला नाही.

मी त्याला एक अट मात्र घातली. यंत्र आणण्याआधी तिथला कायदा वाचायचा आणि मला फोनवर समजावून सांगायचा. त्यानं ते केलं.

इंग्लंडमध्ये शेतमालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. संरक्षित पुरातन जागेवर परवान्याशिवाय यंत्र वापरणं हाच गुन्हा. १९९६च्या खजिना कायद्याप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी, सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी एका जागी मिळाली की ती 'खजिना' ठरतात आणि १४ दिवसांत कळवावी लागतात. म्युझियमनं ती ठेवून घेतली तर त्यांची किंमत ठरवून रक्कम दिली जाते. ती बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. एकटंदुकटं नाणं खजिन्यात मोडत नाही, पण तेही नोंदवावं म्हणून १९९७पासून एक योजना चालू आहे. नाणं दाखवायचं, जागा सांगायची, तज्ज्ञ नोंद करतात आणि नाणं परत देतात. आजवर १५ लाखांहून अधिक वस्तू अशा नोंदल्या गेल्या आहेत.

या नियमांतून दोन प्रकारची माणसं दिसतात. १९९२मध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ एका शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला यंत्र घेऊन गेले. हातोडीच्या आधी सोन्याचांदीची रोमन नाणी वर येऊ लागली. त्यांनी काही नाणी काढली आणि हात थांबवला. खड्डा तसाच ठेवून अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यामुळे तिथला पेटारा कसा होता, आतल्या वस्तू कशा रचल्या होत्या हे सगळं कळलं. १५ हजारांच्या आसपास नाणी निघाली. साडेसतरा लाख पौंड मिळाले, ते दोघांनी वाटून घेतले. हातोडीही सापडली; ती आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

उलट २०१५मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला मोठा ठेवा मिळाला. त्यांनी ना मालकाला सांगितलं, ना सरकारला. दागिने, नाणी गुपचूप विकायला काढली. पकडले गेले, २०१९मध्ये तुरुंगात गेले. अंदाजे ३०० नाण्यांपैकी थोडीच हाती आली. त्या थोड्या नाण्यांवरूनही आल्फ्रेड आणि केओलवुल्फ या दोन राजांची हातमिळवणी होती, असं इतिहासकारांना नव्यानं दिसलं. बाकीची नाणी काय सांगत होती कोण जाणे. ती कुणाच्या तरी कपाटात आता मुकी पडली असतील.

हे सगळं माझ्या भाच्यानं मला सांगितलं, तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली. ती आपल्या समुद्राची आहे.

सन १६९५. औरंगजेब बादशाहचं 'गंज-ए-सवाई' हे भलं मोठं जहाज हजचे यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन मक्केकडून सुरतेला परतत होतं. घर जवळ आलं होतं. तेवढ्यात हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्यानं ते गाठलं. काही दिवस लूट चालली. लोकांचे हाल हाल केले, बायकांवर अत्याचार झाले; काहींनी अब्रूसाठी समुद्रात उड्या घेतल्या. त्या काळातला इतिहासकार खाफी खान यानं हे लिहून ठेवलं आहे. लुटीचा आकडा तो ५२ लाख रुपये देतो. बादशाह संतापला, सुरतेच्या इंग्रजांना कैद झाली, कंपनीला भरपाई द्यावी लागली, एव्हरीच्या डोक्यावर इनाम लागलं. त्याचे काही साथीदार लंडनला फासावर गेले. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही.

आता २०१४ सालात या. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, मिडलटाउन गावच्या एका फळबागेत जिम बेली हे गृहस्थ आपला डिटेक्टर फिरवत होते. काळवंडलेलं, छोटं चांदीचं नाणं निघालं. त्यावर अरबी अक्षरं! शोध घेता ते १६९३ साली यमनमध्ये पाडलेलं निघालं. त्या काळी अमेरिकेतल्या वसाहतींचा यमनशी थेट व्यापार नव्हता. मग हे आलं कुठून? बेलींनी जुनी कागदपत्रं धुंडाळली आणि निष्कर्ष काढला की एव्हरीची माणसं लुटीचा पैसा घेऊन अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर आली होती, आणि तो पैसा तिथे खर्च झाला. पुढे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि नॉर्थ कॅरोलिनातही त्याच काळातली अशी अरबी नाणी इतर शौकिनांना मिळाल्याचं समोर आलं.

या गोष्टीवर मी बराच वेळ विचार करत होते. यमनचं ते नाणं बाजारात फार मोलाचं नाही. यमनमध्ये सापडलं असतं तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. ते अमेरिकेच्या फळबागेत सापडलं, म्हणून बोललं. एखाद्या हाजीनं परतीच्या खर्चासाठी कमरेला बांधलेलं ते असेल, एखाद्या बाईनं रुमालाच्या गाठीत ठेवलेलं असेल. त्यांची नावं कुठेच नाहीत. पण त्यांच्यावर जुलूम झाला याची गवाही तीनशेहून जास्त वर्षांनी एका परक्या मुलखातल्या मातीनं दिली. बेलींनी ते खिशात घालून विकून टाकलं असतं, जागा सांगितली नसती, तर ही गवाही कायमची गेली असती.

गोष्ट ऐकून पोरगा गप्प झाला, आणि मग उत्साहानं म्हणाला, "खाला, उन्हाळ्यात येताना मी मशीन घेऊन येतो. आपल्या खाडीवर जाऊ या!"

खरी अडचण इथे सुरू झाली.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावात. दाभोळ आम्हाला जवळ. आदिलशाहीत ते नावाजलेलं बंदर. मक्केला जाणारी जहाजं इथूनही सुटत. दाभोळची देखणी शाही मशीद पाहिली असेल. विजापूरची एक शहजादी हजला निघाली, समुद्रात चाच्यांचं भय म्हणून थांबली आणि बरोबरच्या पैशांतून तिनं ही मशीद बांधवली, असं सांगितलं जातं. या किनाऱ्यावर 'लारी' नावाचं अजब नाणं चालायचं. चांदीची तार दुमडून, तिच्यावर ठसा मारून केलेलं, दिसायला केसांच्या आकड्यासारखं. तेव्हा आमच्या मातीत काही नसेल असं नाही.

पण आमच्या मातीत आणखीही काही आहे. गेल्या पावसाळ्याआधी गावातल्या काही तरुणांनी ऑनलाइन एक स्वस्त यंत्र मागवलं. जुन्या वाड्याच्या जोत्याला, विहिरीच्या कडेला, अगदी कब्रस्तानच्या भिंतीलगत खड्डे दिसू लागले. मिळालं ते गंजलेले खिळे आणि बैलगाडीच्या चाकाची धाव. 'गुप्तधन' हा शब्द आपल्याकडे किती घरं बुडवतो हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही धन शोधण्यासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला, यातच सगळं आलं.

त्यामुळे मी भाच्याला साफ सांगितलं, "बेटा, यंत्र तिकडेच ठेवून ये." त्याला वाईट वाटलं. नुसतं 'नको' म्हणून मुलं ऐकत नाहीत, म्हणून मी कारणं दिली.

एक कारण मातीचं. कोकणची माती जांभ्याची; लाल आहे ती लोहामुळेच. इंग्लंडच्या शेतात शांत चालणारं यंत्र इथे दर पावलाला कुरकुरेल. आणि लारीसारखी उघडी, बारीक तार विजेचे भोवरे नीट फिरू देत नाही. तिचा आवाज फार क्षीण येतो. म्हणजे खड्डे शंभर आणि हाती खिळे.

दुसरं कारण कायद्याचं. आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेला, १० रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर काय सापडलं, कुठे आणि केव्हा, हे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. मूळ मालक निघाला नाही आणि दोघांत वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्याचे तीन हिस्से, जमीनमालकाचा एक. सरकार योग्य मोबदला देऊन तो स्वतःकडेही घेऊ शकतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवान्याशिवाय खणायला तर १९५८च्या कायद्यानं मनाईच आहे. घराचा पाया खणताना, नांगरताना कुणाला नाणी सापडली तर हा कायदा लक्षात ठेवावा. नाणी घासू नयेत, चिंचेनं किंवा राखेनं उजळवू नयेत, सोनाराकडे वितळवायला देऊ नयेत. भांड्यासकट, आहे तशी ठेवावीत आणि तलाठ्याला किंवा पोलिसांना सांगून कलेक्टर कचेरीत अर्ज द्यावा.

तिसरं कारण आपल्या घरातलं. आपल्या फिक्हमध्येही सापडलेल्या वस्तूचा विचार फार बारकाईनं झालेला आहे. कुणाची तरी पडलेली वस्तू म्हणजे लुकता. ती उचलणारा मालक नसतो, अमीन असतो, त्यानं वर्षभर पुकारा करायचा. आणि जमिनीतला पुरातन ऐवज म्हणजे रिकाज. त्यातला पाचवा हिस्सा काढायचा. तपशील आलिम सांगतील. पण 'मला सापडलं म्हणून माझं' एवढा सोपा हिशोब तिथेही नाही, हे मुलाला समजलं.

उन्हाळ्यात तो आला, मोकळ्या हातांनी. आम्ही कुठेही खणलं नाही, तरी नाणी पुष्कळ पाहिली. अम्मीच्या पेटीतली जुनी थैली उघडली. त्यात व्हिक्टोरिया राणीचे दोन रुपये, निजामाचा चार मिनार असलेला एक रुपया आणि भोकाचा पैसा निघाला. निजामाचा रुपया कोकणात कसा आला? अम्मीला आठवलं, तिचे चाचा हैदराबादला नोकरीला होते. पोरानं ते लगेच वहीत लिहून घेतलं. परतताना मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात नाण्यांच्या दालनात दोन तास काढले. त्यानं मला दिरहमांचे फोटो दाखवले आणि मी त्याला कूफी लिपीतला 'अल्लाह' कसा ओळखायचा ते शिकवलं. आडवी रेघ, वर उभे दांडे, नुक्ते नाहीत. दोन दिवसांत त्याला जमलं.

आता तो नॉटिंगहॅमजवळच्या एका शेतकऱ्याची रीतसर परवानगी काढून दर रविवारी दुल्हाभाईंबरोबर जातो. शेताचा नकाशा, तारीख, कोणती कॉइल लावली होती, वस्तू किती खोल मिळाली, सगळं वहीत लिहितो. परवा त्यानं वहीच्या पानांचे फोटो धाडले. एकोणचाळीस नोंदी आहेत. सव्वीस खिळे आणि कड्या, सात कोटाची बटणं, तीन बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, दोन व्हिक्टोरियाच्या पेन्या आणि एक घोड्याच्या साजाचं बक्कल. बक्कल आणि गोळ्या त्यानं नोंदणी करणाऱ्या बाईंना दाखवल्या. त्यांनी जागेची खूण विचारली, तर यानं वही पुढे केली.

दिरहम अजून मिळालेला नाही. चाळिसाव्या ओळीवर त्यानं फक्त पुढच्या रविवारची तारीख घालून ठेवली आहे.